खेत न कसते : गौतमीपुत्र सातकर्णी आणि एक फसलेलं दान

गोदाकाठ (धागाकर्ता)

गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव निघालं की तिन्ही समुद्रांचं पाणी प्यायलेले घोडे हजर होतात. 'तिसमुदतोयपीतवाहन'. दर पाडव्याला माझ्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर हे घोडे पाणी पिऊन जातात. बिरुद खरंच शिलालेखात आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला हा राजा माणूस म्हणून दिसला तो एका पडीक शेतामुळे. त्या शेताबद्दलच लिहायचंय. मध्ये इकडचं तिकडचं येईल, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे. पांडवलेणी म्हणजे आधी शाळेची सहल, मग कॉलेजातली भटकंती, आणि आता डॉक्टरांनी 'चाला' म्हणून दम दिल्यावर सकाळी चढायच्या पायऱ्या. इतकी वर्षं तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत बसून घाम पुसण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हौसेने ब्राह्मी लिपी गिरवायला घेतली, आणि मग त्याच ओसरीत मान वर करून उभा राहायला लागलो.

थोडी पार्श्वभूमी. सातवाहन, म्हणजे गौतमीपुत्राचं घराणं, हे प्रतिष्ठानचे, म्हणजे पैठणचे. पण गौतमीपुत्राच्या आधी नाशिक, जुन्नर, मावळ, सोपारा हा सगळा मोक्याचा पट्टा नहपानाकडे, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रपाकडे (सुभेदार-राजाकडे) गेला होता. घाट त्याचे, बंदरं त्याची, म्हणजे समुद्रापलीकडून येणारा पैसाही त्याचाच. कल्याणला एखादं ग्रीक गलबत आलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत, असं 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. सातवाहनांची नाकेबंदीच म्हणायची.

या नहपानाचा जावई उषवदात. पांडवलेण्यातलं दहा नंबरचं लेणं त्याचं. तिथले लेख वाचले की माणूस चाट पडतो. ३ लाख गायींचं दान, वर्षाला १ लाख ब्राह्मणांना जेवण, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपाऱ्याला धर्मशाळा, दमण, तापी, डहाणू वगैरे नद्यांवर फुकट होड्या. नाणंगोल गावातली ३२ हजार नारळाची झाडं. आणि भिक्षूंच्या कपड्यालत्त्यासाठी ३ हजार कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) कायम ठेव : २ हजार कोष्ट्यांच्या एका श्रेणीत, म्हणजे व्यवसाय-संघात, दरमहा शेकडा १ टक्का व्याजाने, १ हजार दुसऱ्या श्रेणीत पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं, असं स्पष्ट कोरलंय. गोवर्धन म्हणजे नाशिकच्या शेजारचंच, आजचं गोवर्धन-गंगापूर. परका म्हणून त्याला झटकून टाकणं सोपं आहे, पण हा गडी इथे पुरता रुजला होता.

आणि मग गौतमीपुत्र आला. राज्याच्या १८व्या वर्षी त्याने नहपानाचा निकाल लावला. त्याच वर्षीचा त्याचा लेख तीन नंबरच्या ओसरीत, बाजूच्या भिंतीवर छताला लागून आहे. सुरुवात कशी, तर 'विजयखधावारा', विजयाच्या छावणीतून. लढाईची धूळ अजून खाली बसलेली नाही, आणि राजा गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला हुकूम सोडतोय : अपर-कखडी गावातलं जे शेत उषवदाताकडे होतं, त्यातली २०० निवर्तनं (निवर्तन म्हणजे जमिनीचं जुनं माप) त्रिरश्मीच्या, म्हणजे याच पांडवलेण्याच्या डोंगरावरच्या, भिक्षूंना दिली. राज्याच्या माणसांनी त्यात पाऊल टाकायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, मिठासाठी उकरायचं नाही. 'अपावेस, अनोमस, अलोणखादक...' पाठ म्हटल्यासारखी यादी आहे. जिंकलेल्या प्रदेशात आपण मालक झालो हे दाखवायची ही पद्धत. जुन्या मालकाच्या शेतावर नव्या मालकाने दानाचं पाणी सोडायचं.

इथपर्यंत सगळं राजाला शोभेलसंच. गंमत पुढे आहे. त्याच भिंतीवर, पहिल्या लेखाला जोडूनच, ६ वर्षांनंतरचा, म्हणजे २४व्या वर्षाचा लेख आहे. यात राजाबरोबर त्याची आईही हुकूम देते आहे : 'जीवसुता राजमाता', जिचा मुलगा हयात आहे अशी. हुकूम गोवर्धनचा अमात्य सामक याला. आधी त्याची खुशाली विचारली आहे. मग मजकूर असा, मूळ शब्दांतच वाचा :

'गामे कखडीसु पुव खेत दत, त च खेत न कसते, सो च गामो न वसति.'

भाषांतर करायची गरज आहे का? कखडी गावात पूर्वी शेत दिलं, ते शेत कसलं जात नाही, ते गाव वसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा माझ्या आजोबांच्या तोंडचं क्रियापद वापरतोय. 'कसणे'. 'कसेल त्याची जमीन'मधलं कसणे. पहिल्यांदा अक्षरं जुळली तेव्हा मी ओसरीत एकटाच हसलो होतो.

मग राजा म्हणतो, तसं असेल तर नगराच्या शिवेवर आमच्या मालकीचं जे राजशेत आहे, त्यातून १०० निवर्तनं या भिक्षूंना देतो. सवलती त्याच. आणि हुकूम तोंडी पोचवणारी कोण, तर प्रतिहारी, म्हणजे द्वाररक्षक, लोटा नावाची बाई. पुढे त्याचं लेखी करून वर्षासकट कोरलंय.

म्हणजे बघा. ज्याच्या आईने पुढे त्याला राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या पंगतीला बसवलं, त्याने स्वतःच्या हयातीत दगडावर काय कोरून घेतलं? 'आमचं दान फसलं.' झाकता आलं असतं. नुसतं १०० निवर्तनांचं नवं दान कोरलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. त्याने कारणासकट कोरलं. एवढा सरळ सरकारी कागद मी तरी आजवर पाहिलेला नाही.

मला वाटतं या राजाला ओळखायचं असेल तर बिरुदांच्या आधी हे वाचावं. तुम्हाला काय वाटतं?

शेंडेफळ

पहिला प्रतिसाद माझा! वाचनखूण साठवलीय. 'न कसते' वाचून अंगावर काटा आला. ब्राह्मी कुठे शिकता येईल?

टाकसाळ

उत्तम धागा. नाण्यांची बाजू मी मांडतो, कारण गौतमीपुत्राच्या विजयाचा सगळ्यात ठोस पुरावा तिथेच आहे.

१९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला नाण्यांचा घबाडासारखा साठा सापडला. चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यातली नऊ हजारांहून जास्त गौतमीपुत्राने पुन्हा ठोकलेली. वितळवून नवी पाडलेली नाहीत बरं का, जुन्याच नाण्यावर आपला छाप हाणलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसरीकडे उज्जैनी चिन्ह, भोवती 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'.

एका प्रदर्शनात मला असं एक नाणं भिंगाखाली बघायला मिळालं. बोटाच्या पेरावर मावेल एवढं. डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक आणि हनुवटी अजून वर आलेली दिसत होती, आणि कडेला मोडक्या ग्रीक अक्षरांचे दोन-तीन तुकडे. ठोकणाऱ्याने हातोडा जरा तिरका मारला असावा. बाजारात असं नाणं हातात पडलेल्या माणसाला वेगळी दवंडी ऐकवायची गरज काय? राज्य बदललंय हे अंगठ्याने चाचपून कळत होतं.

अवांतर : नहपान हरला कसा, याची जैन परंपरेत भन्नाट गोष्ट आहे, आवश्यकनिर्युक्तीत. भडोचचा राजा नहवाहन खजिन्याने श्रीमंत, प्रतिष्ठानचा सातवाहन सैन्याने. सातवाहन दरवर्षी वेढा घालतो आणि हात हलवत परत जातो. शेवटी तो आपल्या अमात्याला हाकलून दिल्याचं नाटक करतो. तो अमात्य नहवाहनाच्या पदरी राहतो आणि त्याला देवळं, तळी, दानधर्म यांच्या नादी लावून खजिना रिकामा करतो. पुढच्या वेढ्याला पैसा नाही, भडोच पडतं. गोष्ट ती गोष्टच. पण उषवदाताच्या दानांची ती लांबलचक यादी वाचली की ही कथा रचणाऱ्याला हसू का आलं असेल ते कळतं.

रोखठोक_नगरी

लेख बरा आहे, पण मुख्य गोष्टच राहिली. शालिवाहन शक यानेच सुरू केला ना? शकांना हरवलं म्हणून शक. आपण अजून पंचांगात तोच वापरतो. त्यावर एक ओळ नाही?

गोदाकाठ

@रोखठोक_नगरी, मुद्दाम टाळलं होतं, कारण त्यावर धागा भरकटतो. पण विचारलंच आहे तर सांगतो. गौतमीपुत्राच्या एकाही लेखात कुठला संवत नाही. '१८वं वर्ष', '२४वं वर्ष' हे त्याच्या राज्याचं. मुलगा पुळुमावी याच्या लेखातही तेच. ज्याने संवत सुरू केला तो स्वतःच्या लेखात वापरणार नाही? इ.स. ७८चा शक कसोशीने वापरला तो कार्दमक घराण्याच्या क्षत्रपांनी, म्हणजे आपल्या शत्रुपक्षाने. शेकडो वर्षं त्याला नुसतं 'शककाल', 'शकनृपकाल' म्हणत. 'शालिवाहन' हे नाव त्याला फार नंतर, मध्ययुगात चिकटलं.

रोखठोक_नगरी

म्हणजे पैठणच्या कुंभाराच्या घरच्या पोराने मातीचे सैनिक जिवंत केले, ते सगळं खोटं? आमच्या आजीने सांगितलेली गोष्ट आहे ती.

माजघर

अहो, खोटं कशाला म्हणता. गोष्ट म्हणून ती किती सुंदर आहे. मातीच्या सैन्यावर पाणी शिंपडलं आणि ते उठलं. आम्ही पैठणला माहेरी असताना पाडव्याला हीच गोष्ट ऐकायचो. आजीची गोष्ट आजीपाशी ठेवा, आणि इतिहास इतिहासापाशी. दोघींचं भांडण लावायची गरज नाही.

कालमापक

काळाचा प्रश्न निघालाच आहे तर मीठ मीही टाकतो. जुन्या पुस्तकांत गौतमीपुत्राचा काळ इ.स. १०६ ते १३० दिसेल. त्याचं कारण असं : नहपानाच्या काळातल्या लेखांत ४१ ते ४६ अशी वर्षं आहेत. ती शक संवताची धरली तर ४६ म्हणजे इ.स. १२४. मग नहपानाचा पाडाव त्यानंतर लगेच, आणि गौतमीपुत्राचं १८वं वर्षही तेव्हाच.

पण 'पेरिप्लस' पहिल्या शतकाच्या मध्यातला, आणि त्यात भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून ज्याचं नाव येतं तो नहपानच, असं आता बरेच अभ्यासक धरतात. मग ४६ हे नहपानाचं राज्यवर्ष ठरतं आणि गौतमीपुत्र सरळ पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात जातो. मी दुसऱ्या बाजूचा. ४६ वर्षं राज्य केलेला म्हातारा नहपान डोळ्यांपुढे आणा. त्याच्या नाण्यांवरचे चेहरेही तरुण, प्रौढ, गालफडं बसलेला असे वेगवेगळे आहेत. (टाकसाळ यांनी दुरुस्त करावं.)

पुराणांच्या भरवशावर कुणी राहू नये. मत्स्यपुराण गौतमीपुत्राला २१ वर्षं देतं, आणि इथे २४व्या वर्षाचा हुकूम भिंतीवर बसलाय.

टाकसाळ

@कालमापक, चेहरे वेगवेगळे आहेत हे बरोबर. त्यावरून वय काढणं मला धाडसाचं वाटतं. साचे करणारे कारागीरही वेगवेगळे होते.

बांधावरचा

नमस्कार. मी नेहमी वाचक असतो, लिहीत नाही. आज राहवलं नाही, कारण शेताचा विषय आहे. आमची निफाडला द्राक्षं आहेत, त्याआधी आजाच्या काळात जिरायत होती.

शेत का कसलं गेलं नाही, हा प्रश्न कुणीच विचारला नाही राव. राजाने २०० निवर्तनं दिली, पण कसायला माणसं दिली का? भिक्षू नांगर धरत नाहीत. त्यांच्याकडून कुणीतरी कुळ म्हणून करायला पाहिजे. ते गाव उषवदाताच्या हाताखाली होतं. लढाई झाली, जुना मालक गेला, त्याची माणसं उठून गेली असतील, बैल गेले असतील. दोन पावसाळे रान पडीक राहिलं की हरळी आणि कुंदा असा माजतो की नांगराचा फाळ आत जात नाही. वर राजाने सांगितलंय की राज्याच्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. सवलत म्हणून चांगलंच, पण अडचणीला धावून कोण येणार? तगाई कोण देणार? गाव पुन्हा बसवायला पाटलासारखा कुणीतरी लागतो. माफीची जमीन अशीच ओसाड पडते, हे आम्ही बघितलंय.

दुसरं, राजा हुशार. दुसऱ्यांदा देताना निम्मंच दिलं, पण नगराच्या शिवेला. शहराला लागून भाजीपाला, चारा, काहीही खपतं आणि मजूर मिळतो. कखडीच्या दोनशेपेक्षा शिवेवरचे शंभर केव्हाही भारी. आजच्या नाशकात सांगायचं तर आडरानातलं रान घेऊन गंगापूर रोडला प्लॉट दिला.

गोदाकाठ

@बांधावरचा, साष्टांग. दोन वर्षं मी त्या ओळीकडे भाषा म्हणून बघत होतो. तुम्ही पाच मिनिटांत त्यात हरळी दाखवलीत. आणि 'आमच्या मालकीचं राजशेत' असं जे तिथे मुद्दाम म्हटलंय, तेही आता कळलं. पहिल्यांदा दुसऱ्याचं घेऊन दिलं होतं. दुसऱ्यांदा स्वतःचं दिलं.

नाणेघाटची_मैना

आईचं नाव लावायचे म्हणजे सातवाहनांत मातृसत्ता होती ना? गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. बायकांना केवढा मान होता तेव्हा, आणि आता बघा.

माजघर

मैना, मलाही आधी तसंच वाटायचं. पण गादी बापाकडून लेकाकडेच गेलेली आहे. गौतमी, वासिष्ठी ही त्या बायकांच्या माहेरच्या गोत्रांवरून आलेली नावं. राजांना चार राण्या असत, तेव्हा कुठल्या राणीचा मुलगा हे सांगायची ती सोय. आईचं स्वतःचं नाव वेगळंच होतं, बलश्री. आणि ते आपल्याला कळतं ते तिने स्वतः कोरून घेतलं म्हणून.

तिचा लेख त्याच तीन नंबरच्या लेण्यात, ओसरीच्या मागच्या भिंतीवर. नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षीचा. तोवर मुलगा गेलेला आहे. ज्या बाईने आधी 'जीवसुता' म्हणून हुकूम काढला, तीच आता महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणून लेणं दान करतेय. ज्या बिरुदांवरून आपण भांडतोय ती सगळी या लेखातली आहेत. राजाच्या भाटाने केलेलं वर्णन आणि मुलगा गेल्यावर वीसेक वर्षांनी म्हाताऱ्या आईने करून घेतलेलं वर्णन, यात मला फरक वाटतो. तिथे मुलाचा चेहरा आहे, सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखा. चाल आहे, हत्तीसारखी. 'अविपनमातुसुसूसाक', आईच्या सेवेत कधी खंड न पाडणारा, हेही आहे. आणि मला सगळ्यात आवडतं ते 'अभयोदकदानकिलिननिभयकर' : अभय देताना सोडलेल्या पाण्याने ज्याचा हात सतत ओला असायचा. घोड्यांच्या तोंडातलं पाणी सगळ्यांना आठवतं, हातावरचं कुणाला नाही.

उलटतपासणी

माजघर ताई, लेखन सुरेख. पण त्याच लेखातला विरोधाभास कुणी दाखवत नाही म्हणून मी दाखवतो. एका ठिकाणी 'कितापराधे पि सतुजने अपाणहिसारुचि', अपराधी शत्रूचाही जीव घेणं न आवडणारा. थोडं पुढे गेलं की 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. अहो, निःशेष! कोळसेवाड्यातल्या दादाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही एवढी विसंगती नसते.

तसंच 'एकबम्हण' (एकमेव ब्राह्मण), वर्णसंकर थांबवणारा, क्षत्रियांचा दर्प मोडणारा, हेही तिथेच. आणि हे सगळं कुठे कोरलंय? बौद्ध भिक्षूंच्या विहारात. बरं, वर्णसंकर थांबवणाऱ्याच्याच घराण्यात पुढे शक सून आली. कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी, म्हणून नोंदलेली आहे. जुनागडच्या इ.स. १५०च्या लेखात कार्दमक महाक्षत्रप रुद्रदामन म्हणतो, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून सोडून दिलं. आता बोला.

गोदाकाठ

@उलटतपासणी, विरोधाभास मान्य. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला तो आज खुपतो तसा त्यांना खुपत नसावा. वैदिक कर्मकांड पाळणारा राजा, आणि लेणी भिक्षूंना. उषवदातही तसाच, ब्राह्मणांना गायी आणि भिक्षूंना कापड. 'धर्म कुठला' हा रकाना भरायची सक्ती नसलेला काळ होता. वंश निःशेष करण्याबाबत मात्र बचाव करत नाही. नहपानानंतर क्षहरातांचं नाव खरंच ऐकू येत नाही. गादीवर पुढे आले ते चष्टनाचे कार्दमक, वेगळं घराणं. ते रुद्रदामनच्या वेळी मात्र व्याजासकट वसूल करून गेले.

कृष्णातीर

हैदराबादहून लिहितोय. आमच्याकडे सातवाहन म्हणजे 'आमचे', आंध्रांचे. तुमच्याकडे 'मराठी सम्राट'. दोन्हीकडे पुतळे, दोन्हीकडे अभिमानगीतं. बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राचे देश दिलेत ते तरी बघा : असिक, असक, मुळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती. पैठण, विदर्भ, कोकण, गुजरात, माळवा. यात आंध्र थेट नावाने नाही, हे मी आमच्या मित्रांना सांगितलं की चहा मिळत नाही. उलट पुढच्या राजांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषा आहे, हे इथल्या मित्रांना सांगितलं की इथे मिळणार नाही. म्हणून घरीच करून पितो.

शेंडेफळ

@कृष्णातीर खिक्! आमच्याकडे या, चहा पक्का.

रोखठोक_नगरी

यादीत मुळक आणि असक आहे ना? मुळक म्हणजे पैठणचाच भाग. विषय संपला.

कृष्णातीर

विषय संपला नाही हो, चहा संपला.

कालमापक

वादाच्या गडबडीत एक प्रश्न राहतोय. २४व्या वर्षीच्या लेखात राजा 'हे लेणं आमचं धर्मदान' म्हणतो, आणि बलश्री पुळुमावीच्या १९व्या वर्षी तेच लेणं दान करते. मग दान कोणाचं? रा. गो. भांडारकरांनी यावरून बाप-लेक एकाच काळात राज्य करत होते, असं मांडलं होतं. मला साधं उत्तर पटतं : लेणं मुलाने सुरू केलं, आईने पुरं केलं. कातळ काही सहा महिन्यांत कोरून होत नाही.

गोदाकाठ

मलाही तेच पटतं. तीन आणि दहा नंबर लागोपाठ बघा. दहा नंबर उषवदाताचं, आधीचं. तीन नंबरची मांडणी बरीचशी त्याच्यावरच बेतलेली : ओसरी, प्राण्यांची शीर्षं असलेले खांब, आत चौक आणि भोवती खोल्या. फक्त आमच्यात खोल्या १८, त्यांच्यात १६. समोर जोत्याखाली सहा यक्ष खांद्यावर तुळई घेऊन वाकलेत, जणू सगळं लेणं उचलून चाललेत. हरवलेल्या माणसाच्या घराचा नकाशा घेऊन त्याच्याच डोंगरावर दोन खोल्या जास्त काढायच्या. ही ईर्ष्या मला नाण्यावरच्या छापापेक्षाही बोलकी वाटते.

आणि दान बदलायची सवय पुढे मुलालाही लागली. पुळुमावीने भिक्षूंना आधी दिलेलं सुदसण गाव २२व्या वर्षी बदलून सामलिपद दिलं. @बांधावरचा, याचंही कारण तुम्हीच सांगा.

बांधावरचा

पाणी नसंल.

शेंडेफळ

काल रविवार होता. धागा वाचून आम्ही चौघे पांडवलेण्याला गेलो. पायथ्याला फाळके स्मारकापाशी गाडी लावली, वर पोचेपर्यंत दम निघाला. ओसरीत एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. मोबाईलचा टॉर्च भिंतीवर सरळ मारला तर काहीच दिसेना, नुसता खरखरीत दगड. मग गोदाकाठ यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं तसं टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूने धरला, आणि अक्षरं एकदम सावल्यांसकट वर आली.

मी फक्त आकडे शोधत होतो, कारण तेवढेच पाठ केले होते. २४ असं सलग नाहीये. आधी २०ची खूण, मग ४ची. २० ४. बहिणीने विचारलं काय लिहिलंय, तर म्हटलं, शेत पडीक पडलंय म्हणून बदलून दिलंय. डबा खाणाऱ्या काकांनी मान वर करून विचारलं, "कुठल्या गावचं?"

गोदाकाठ

मग? काय सांगितलंस त्यांना?

शेंडेफळ

कखडी म्हटलं. ते म्हणाले, बघतो तलाठ्याला विचारून.